भलत्याच जागेतली हार्डकोअर रात्र: आधी जागा बघा, मग गाणी

हार्डकोअर रेव्हला, म्हणजे अतिवेगवान इलेक्ट्रॉनिक संगीतावर रात्रभर चालणाऱ्या नाचाला, पहिल्यांदा जाऊन आलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. दोन दिवस कान वाजत होते. पोटऱ्या अशा धरल्या की जिना उतरता येईना. बरोबरचे दोघं रात्री एकला हरवले ते सकाळी सापडले. एवढं सगळं सांगून झाल्यावर वर, "पण डीजे भारी होता!"

यातलं नशिबाचं काही नसतं. लोक तयारी करतात ती गाण्यांची. लाइनअप पाठ असतो, कुणाचा सेट किती वाजता ते तोंडावर असतं. जागेचा विचार मात्र आत शिरल्यावर सुरू होतो, तोही अडचण आली तर. क्लब निदान नाचणाऱ्यांसाठी बांधलेला असतो. बंद पडलेला कारखाना, बंकर, रिकामा पोहण्याचा तलाव, जहाजाचा तळ, दगडाची खाण या जागा वेगळ्याच कामासाठी तयार झालेल्या असतात आणि तुम्ही तिथे एका रात्रीचे पाहुणे असता. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेकांचं काय करायचं ते चुकत नाही, कधी करायचं ते चुकतं.

## १. तिकीट काढण्याआधी वेग विचारा

हार्डकोअर हे कुटुंबाचं नाव आहे, आत बरीच भावंडं आहेत आणि एकेकाचा स्वभाव वेगळा. वेग मोजतात बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती ठोके. तुलनेला, नेहमीच्या क्लबमधलं हाउस संगीत साधारण १२० ते १३० वर चालतं. हार्डकोअरमध्ये गॅबर १६० ते १९० च्या घरात. फ्रेंचकोअर २०० च्या आसपास. स्पीडकोअर ३०० च्या पुढे जातं, तिथे नवख्या कानाला ठोके मोजणंही जमत नाही.

हिशेब करून बघा. १८० बीपीएम म्हणजे सेकंदाला तीन किक, म्हणजे ड्रमचे जाड ठोके. प्रत्येक किकवर पाय आपटायचा ठरवलात तर तासाला १०,८०० पावलं होतात. सहा तासांची रात्र असेल तर पुढचा गुणाकार तुमच्या पोटऱ्या करतील.

म्हणून निदान पंधरा दिवस आधी घरी सुरुवात करा. १८० चा एखादा मिक्स लावायचा आणि २० मिनिटं जागच्या जागी पाय चालवायचे. गॅबरवर नेदरलँड्समधला हाकन हा नाच चालतो. लांबून तो नुसती लाथाळी वाटतो, पण जवळून पाहिलं तर चांगला नाचणारा पाय जमिनीपासून चार बोटंच उचलतो. वजन चवड्यांवर, गुडघे सैल, कंबरेवरचं अंग जवळजवळ शांत. नवखा माणूस गुडघा कंबरेपर्यंत नेतो आणि पाच मिनिटांत भिंतीला टेकून धापा टाकतो.

दुसरी युक्ती म्हणजे एक किक सोडून पाय टाकायचा. १८० चं गाणं तुमच्या पायांसाठी ९० चं होतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पहाटे चारला जे अजून फ्लोअरवर असतात त्यांच्याकडे बघा, निम्मे हेच करत असतात.

तपासा: २० मिनिटांनंतर दुखतंय कुठे? पोटरी दुखली तर ठीक, सवयीने जाईल. गुडघा किंवा नडगी दुखली तर बूट किंवा पद्धत चुकते आहे, आत्ताच सुधारा.

## २. जागेचा स्वभाव ओळखा

इथेच घोडं पेंड खातं. प्रत्येक जागेला एकच मोठा दोष असतो आणि तो आधी कळला तर निम्मं काम झालं.

बंकर, बोगदा, तळघर: इथे प्रश्न हवेचा आणि दारांचा. बर्लिनमध्ये १९९० च्या दशकात दुसऱ्या महायुद्धातल्या एका बंकरमध्ये हार्डकोअर आणि गॅबरच्या रात्री होत असत. त्या इमारतीत आता कलाकृतींचा खासगी संग्रह आहे. जाड काँक्रीट बॉम्ब बाहेर ठेवायला उत्तम, पण तेच काँक्रीट तुमचा घाम, धूर आणि उष्णताही आतच ठेवतं. फोनची रेंज दारातच जाते. शिरताना थंडी वाजते, तासाभरात छतावरून थेंब गळू लागतात. पाइप फुटलेला नसतो, लोकांच्याच घामाची वाफ थंड छताला लागून खाली येत असते. जमीन त्याने निसरडी होते.

कारखाना, गोदाम: प्रश्न जमिनीचा. यंत्रं काढून नेलेली असतात, पण त्यांचे खड्डे, जमिनीतून वर आलेले बोल्ट, रुळांच्या खाचा राहतात. वर्षानुवर्षांची धूळ सबवूफर (खर्जाचे मोठे स्पीकर) सुरू झाले की तुळयांवरून खाली येते. दम्याचा त्रास असेल तर इनहेलर खिशात पाहिजे, क्लोकरूममध्ये ठेवून उपयोग नाही.

रिकामा तलाव: प्रश्न उताराचा आणि काठाचा. जॉर्जिया देशातल्या तिबिलिसीतला बासियानी हा टेक्नो क्लब फुटबॉल स्टेडियमखालच्या जुन्या पोहण्याच्या तलावात चालतो, त्यामुळे कल्पना काही जगावेगळी नाही. पण तलावाचा तळ बहुधा सपाट नसतो, खोल बाजूकडे उतरतो आणि गर्दीही नकळत तिकडेच सरकते. सांडलेलं पेयही खोल टोकालाच साठतं. फरशीवर आवाज आदळून परत येतो, तो वेगळाच त्रास.

जहाज किंवा तराफा: दोर सोडल्यावर मध्येच घरी जाता येत नाही, हा एकच मुद्दा लक्षात ठेवा. जिने शिडीसारखे उभे असतात, उतरताना तोंड जिन्याकडे ठेवायचं. बोट लागण्याचा त्रास असेल त्याने खालच्या मजल्यावर नाचायला जाऊ नये.

खाण, जंगल, उघडं मैदान: प्रश्न अंधाराचा. स्टेजजवळ दिवाळी असते आणि ५० पावलांवर हात दिसत नाही. कडा, डबकं, तंबूची दोरी यांतलं काय कुठे आहे ते उजेडात पाहून ठेवा. म्हणजे अंधार पडायच्या आत पोहोचा.

> सावधान: आयोजकांनी जागेचा एकही फोटो, क्षमतेचा आकडा किंवा बाहेर पडायच्या दारांबद्दल एक ओळही दिलेली नसेल, तर निरोप पाठवून विचारा. धड उत्तर आलं नाही तर पैसे वाचवा.

## ३. परतीची सोय, मग तिकीट

हो, याच क्रमाने. अशा जागा वस्तीपासून लांब असतात, नाहीतर शेजाऱ्यांनी त्या चालू दिल्या नसत्या. रात्री साडेतीनला तिथे वाहन मिळेल ही कल्पना घरी गादीवर बसून सुचते. पहिली सार्वजनिक गाडी किती वाजता, थांबा किती लांब, तिथपर्यंत रस्त्यावर दिवे आहेत का, हे आधी काढा. गाडी घेऊन जाणार असाल तर चालवणारा माणूस आधी ठरवा. तो पिणार नाही आणि मध्ये दोन तास झोपेल, हे दोन्ही ठरवा.

झोपेचं का, तर सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो आणि २४ तासांनी हा आकडा ०.१० च्या आसपास जातो. "मी थेंबही घेतला नाही" म्हणणारा चालकही पहाटे सहाला तसा शुद्धीवर नसतोच.

तिकिटावर चार गोष्टी वाचा: शेवटचा प्रवेश किती वाजता, बाहेर पडून परत आत येता येतं का, वयाची अट आणि मूळ ओळखपत्र लागतं का, आत पैसे कसे चालतात. परत प्रवेश नसेल तर गाडीत ठेवलेला स्वेटर हा नसल्यातच जमा.

काही ठिकाणी पत्ता थोडे तास आधीच कळवतात. आलेला पत्ता लगेच नकाशावर पाहायचा, परतीचा हिशेब पुन्हा करायचा, आणि घरी राहणाऱ्या एकाला तरी तो पाठवायचा. परवानगी नसलेल्या कार्यक्रमांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पोलीस येतील ही त्यातली लहान भीती. तिथे अग्निशामक यंत्रं, प्रथमोपचाराची माणसं आणि मोजून सोडलेली गर्दी असेल याची खात्री कुणी दिलेली नसते, ही मोठी.

## ४. बूट, कपडे, पिशवी

बुटांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. गॅबरवाल्यांचे हवेची गादी असलेले नायकी एअर मॅक्स प्रसिद्ध आहेत, पण तुम्हाला तेच हवेत असं नाही. हवं ते एवढंच: टाचेखाली चांगली गादी, ओल्या जमिनीवर धरणारा तळ, बोटं पूर्ण झाकलेली, आणि निदान महिनाभर वापरलेले. नवे बूट घालून जाणाऱ्याचा मान दोन तासच टिकतो, मग टाचेला फोड येतो. नाडीला दुहेरी गाठ मारा आणि उरलेली टोकं बुटात खोचा. गर्दीत सुटलेल्या नाडीवर दुसऱ्याचा पाय पडतो आणि वाकून ती बांधणं हा त्या रात्रीचा सगळ्यात मूर्ख निर्णय असतो. बांधायचीच तर कडेला जाऊन. मोजे सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात. कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरीचे घ्या, आणि एक जोड जास्तीचा.

कपडे थरांत घाला. आत नाचताना घालायचा पातळ टीशर्ट, वर काढून कंबरेला बांधता येईल असं काही. एक कोरडा टीशर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून क्लोकरूमला द्या. हा टीशर्ट पहाटे सोन्याच्या भावाचा वाटतो.

पिशवी लहान. इअरप्लगचे दोन जोड, ओळखपत्र, थोडी रोख, पॉवर बँक, बोटभर टॉर्च. टॉर्च वेगळाच हवा, कारण फोनची बॅटरी संपली की एकाच वेळी फोन, घड्याळ, पैसे, परतीचं तिकीट आणि उजेड सगळं जातं. एका कागदावर जागेचा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहून तो बुटात किंवा आतल्या खिशात ठेवा. रोजची औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट. सुट्या गोळ्या दारात कुणी ऐकून घेत नाही.

तपासा: सगळं अंगावर चढवून घरी दहा उड्या मारा. जे पडलं, खुळखुळलं किंवा टोचलं ते घरीच ठेवा.

## ५. त्या दिवशी

यावर फार लिहिण्यासारखं नाही. दुपारी दीड तास झोपा. निघण्याआधी दोन-तीन तास पोटभर साधं जेवा, तेलकट नको. रिकाम्या पोटी जाणारे दोन वाजता गळतात आणि दोष सेटला देतात. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, दारात शिरताना एक लिटर ढोसून शौचालयाची रांग वाढवू नका.

## ६. दारात: कान आधी, आत नंतर

सगळ्यात जास्त लोक चुकतात ती पायरी ही. इअरप्लग खिशात असतात, "जास्त वाटलं तर घालू" असा विचार असतो. कानाला "जास्त वाटणं" हे मोजमापच चुकीचं आहे. पाचव्या मिनिटाला कान बधिर व्हायला लागतो आणि आवाज सुसह्य वाटू लागतो.

कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचं गणित सोपं आहे: ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली, तीही कानांच्या संरक्षणाची सोय ठेवण्यासकट. स्पीकरच्या भिंतीसमोर तुम्ही पाच-सहा तास असणार आहात. नीट बसलेला प्लग खरोखर १५ ते २० डेसिबल कमी करतो, म्हणजे १०० चे ८० ते ८५ होतात.

"नीट बसलेला" हे शब्द महत्त्वाचे. फोमचा प्लग असा घालतात:

१. हात स्वच्छ करा. प्लग बोटांत लाटून पेन्सिलीसारखा बारीक करा, सुरकुती पडू देऊ नका.
२. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा. याने वाकडी कर्णनलिका सरळ होते. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात.
३. प्लग आत सरकवा आणि बोटाने ३० सेकंद धरून ठेवा, तो आत फुगू द्या.
४. "एक, दोन, तीन" मोठ्याने म्हणा. आपला आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमला पाहिजे.
५. दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबा. बाहेरचा आवाज आणखी खूप कमी झाला तर प्लग बसलेला नाही. काढा आणि पुन्हा घाला.

संगीत स्पष्ट ऐकायचं असेल तर गाळणीवाले सिलिकॉनचे प्लग घ्या, ते उंच-खालचे स्वर साधारण सारखे कमी करतात. किक कमी होईल ही भीती सोडा, ती कानापेक्षा बरगड्यांना ऐकू येते.

> सावधान: बोलण्यासाठी प्लग काढू नका. समोरच्याच्या कानाजवळ तोंड नेऊन हळू, जाड आवाजात बोला. ओरडलं की शब्द फाटतो, कळत काहीच नाही.

## ७. पहिली २० मिनिटं नाचायचं नाही

कितीही आवडता डीजे असला तरी नाही. ही २० मिनिटं जागेची फेरी मारायची.

तुम्ही शिरलात त्याखेरीज बाहेर पडायची किमान एक वाट स्वतः चालत जाऊन बघा. पाटी दिसली म्हणजे वाट असते असं नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडतं का, त्याला कुलूप आहे का, समोर खोकी किंवा पडदे आहेत का, वाटेत पायऱ्या किती आहेत हे बघा आणि पायऱ्या मोजून ठेवा. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो, मोजलेल्या पायऱ्यांचा असतो. २ डिसेंबर २०१६ ला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधल्या घोस्ट शिप या गोदामात संगीताच्या कार्यक्रमात आग लागून ३६ माणसं गेली. वरच्या मजल्यावरून खाली यायचा एक जिना लाकडी पॅलेट रचून केलेला होता. तुम्हाला अशी जुगाडू शिडी, कोंबलेलं सामान, साखळीने बांधलेलं दार दिसलं तर आयोजकांना सांगा. त्यांनी खांदे उडवले तर निघा. तिकिटाचे पैसे बुडाले असं समजा.

हवेचा वास घ्या. जनरेटरचा धूर आत येतोय का? कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण त्याच्याबरोबर येणाऱ्या धुराला असतो. तुम्ही आणि बरोबरचे दोघं-तिघं एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळीची तक्रार करू लागलात तर तो योगायोग समजू नका, सगळ्यांनी उघड्या हवेत जा आणि दारातल्या माणसाला सांगा.

मग पाणी, शौचालय, प्रथमोपचार. आणि शेवटी भेटायची जागा.

यावर थोडं थांबतो, कारण माझीच फजिती झाली आहे. एका बोगद्यात आम्ही चौघांनी ठरवलं, "हरवलो तर निळ्या दिव्याखाली." तेव्हा निळा दिवा एकच होता आणि तो अगदी ठळक दिसत होता. अर्ध्या तासाने दिव्यांचा कार्यक्रम बदलला आणि सगळा बोगदा लाल झाला. दोघं जुन्या निळ्याच्या शोधात आत, एक जण दारात, मी शौचालयाजवळ. रेंज शून्य. दोन तास आम्ही एकमेकांना शोधत गोल फिरत होतो आणि त्यातला एक तास बहुधा एकमेकांच्या मागेच.

भेटायची जागा हलणारी, रंग बदलणारी किंवा गर्दीची नको. बार नको, "स्टेजच्या डावीकडे" नको, कारण डावीकडे कुणाच्या? तिसरा खांब, गंजलेलं चाक, क्लोकरूमच्या खिडकीचा कोपरा असं काही ठरवा, सगळ्यांनी त्याला हात लावून या. वेळही ठरवा: १, अडीच आणि ४ वाजता, हरवलेलं असो वा नसो, पाच मिनिटं तिथे.

तपासा: गटातल्या सगळ्यात विसरभोळ्या माणसाला विचारा, दुसरं दार कुठे आणि भेटायचं कुठे. त्याला सांगता आलं तर फेरी पूर्ण.

## ८. आता फ्लोअर

सरळ पुढे घुसू नका. पहिली १५ मिनिटं साउंड डेस्कजवळ उभे राहा. आवाज जुळवणारा माणूस तिथे बसून ऐकतो, म्हणून तिथे तो सगळ्यात नीट लागतो. काँक्रीटच्या खोलीत हे फार जाणवतं: भिंतींजवळ आणि कोपऱ्यांत बास साठतो, किकचा नुसता चिखल होतो. कोपऱ्यात उभं राहून "साउंड बेकार आहे" म्हणणारे निम्मे लोक चार पावलं मध्ये आले तर मत बदलतील.

पुढे जायचं तर कडेने तिरपं जा, मधून रेटत नको. नाचताना कोपर अंगाजवळ ठेवा आणि पाय स्वतःच्या खाली. कुणी पडलं की आजूबाजूचे सगळे थांबतात आणि त्याला उचलतात, हा इथला पहिला नियम आहे. बाहेरून हा जमाव रानटी दिसतो, पण धक्का लागल्यावर मागे वळून खांद्यावर हात ठेवून माफी मागणारे मी इतर कुठल्या नाचात इतके पाहिले नाहीत.

विचारल्याशिवाय कुणाला हात लावू नका, कुणाचा चेहरा टिपू नका. काही ठिकाणी दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, ते तसंच राहू द्या. फ्लॅश तर कुठेच नको.

स्ट्रोबचं वेगळं सांगतो. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश काहींना झटका आणू शकतो. अपस्माराचा इतिहास असेल तर तिकिटाआधीच स्ट्रोबबद्दल विचारा. आत असताना डोळ्यांसमोर विचित्र वाटू लागलं तर एक डोळा तळव्याने पूर्ण झाका आणि स्टेजकडे पाठ करा. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतूनही उजेड जातो.

गर्दीचा अंदाज असा: हात बाजूला पसरता येतात तोवर ठीक. चारी बाजूंनी अंगं लागू लागली आणि तुम्ही न हलता हलवले जात असाल, तर तिथून निघायची वेळ होऊन गेली आहे. मुष्टियोद्ध्यासारखे हात छातीसमोर धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. लाटेविरुद्ध ढकलू नका. ती थांबली की तिरपं दोन पावलं कडेकडे, पुन्हा थांबली की पुन्हा दोन. खाली पडलेली वस्तू विसरा, फोन असला तरी.

## ९. पाणी, उष्णता आणि बिघडलेली तब्येत

४५ मिनिटं नाच, १५ मिनिटं बाहेर. घड्याळ लावा, कारण किक चालू असताना शरीर खोटं बोलतं. नाचताना तासाला साधारण अर्धा लिटर पाणी, बसलेले असाल तर त्याच्या निम्मं, घोट घोट. जास्त पाणी म्हणजे जास्त सुरक्षित हा गैरसमज आहे: थोड्या वेळात लिटरच्या लिटर प्यायलं तर रक्तातलं सोडियम इतकं खाली जातं की मेंदूला सूज येऊ शकते. विशेषतः एमडीएमए (एक्स्टसी) हा अमली पदार्थ घेतलेल्यांमध्ये हे जीवघेणं ठरलं आहे. पाण्याबरोबर काहीतरी खारट खा.

नशेबद्दल उपदेश करत नाही, पण या जागांमध्ये तिचं गणित बदलतं: उष्णता, कोंडलेली हवा आणि सहा तासांचा नाच हे तिन्ही तिच्या धोक्यात भर घालतात. न घेणं हाच सोपा मार्ग. आणि कुणी घेतलं असेल आणि त्याची तब्येत बिघडली, तर प्रथमोपचारवाल्यांना काय आणि कधी घेतलं ते खरं सांगा. त्यांना इलाज करायचा असतो आणि लपवण्यात मिनिटं जातात.

कुणी बरळतंय, अंग भट्टीसारखं तापलंय, चालताना तोल जातोय, तर त्याला "जरा बसू दे, बरं वाटेल" म्हणून कोपऱ्यात सोडू नका. तो उष्माघात असू शकतो. मोकळ्या हवेत न्या, वरचे कपडे काढा, अंग ओलं करून वारा घाला, आणि लगेच मदत बोलवा. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, तर कुशीवर वळवा, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी झाली तर घशात अडकणार नाही. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला धावत पाठवा. बंकरमध्ये फोन लागणार नाही, म्हणून माणूसच पाठवायचा. तुम्ही त्याला सोडून जायचं नाही.

## १०. निघायचं कसं

शेवटचं गाणं संपेपर्यंत थांबलात तर क्लोकरूमची रांग, जिन्यातली गर्दी आणि वाहनांची मारामारी तिन्ही एकदम भेटतात. १५ मिनिटं आधी निघा. हार्डकोअरच्या रात्री शेवटचा सेट बहुतेक वेळा सगळ्यात वेगवान असतो आणि तोवर पाय गेलेले असतात, त्यामुळे फारसं गमावत नाही. यावर माझ्याशी भांडणारे आहेत, भांडोत.

क्रम: आधी कोरडा टीशर्ट आणि मोजे, मग जाकीट, मग दार. ओल्या कपड्यांनी पहाटेच्या हवेत गेलात तर दहा मिनिटांत दात वाजतात. प्लग दारापलीकडे, आवाज विरेपर्यंत राहू द्या. माणसं मोजा. आपला कचरा उचला, विशेषतः खाणीत आणि जंगलात, कारण दुसऱ्या दिवशी तो झाडायला कुणी येणार नसतं. बाहेर मोठ्याने बोलू नका, तुमचे कान बधिर आहेत आणि तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट आवाजात तुम्ही बोलताय.

दुसऱ्या दिवशी कानांना शांतता द्या, हेडफोन नको. शिट्टी वाजल्यासारखं वाटणं दोन दिवसांत गेलं नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जा. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर दोन दिवसही थांबू नका, त्याच दिवशी जा. पोटऱ्यांचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, हलकं चालत राहा. कारखान्यात गेला असाल तर नाक शिंकरल्यावर काळं येईल, धूळ आहे.

बूट उन्हात ठेवू नका, डिंक सुटतो. आतला तळ काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बोळे बदला. सिलिकॉनचे प्लग गाळण्या काढून कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा, फोमचे फेकून द्या. पिशवीतला तो पत्त्याचा कागद घामाने भिजून लगदा झाला असेल, पुढच्या वेळी तो छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला.